वडिलांनी मागितलेली प्रार्थना

आपल्या वडिलांच्या मरणावर तीनशे माणसं टाळ्या वाजवताहेत, हे राइनहोल्ड थीसनच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला. कॅनडात, विनिपेगमधल्या एका हॉटेलच्या सभागृहात, कुठल्याशा विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात तो तिसऱ्या रांगेच्या कडेला बसला होता. समोरच्या ग्लासातल्या पाण्यात काकडीची एक चकती तरंगत होती आणि पाण्यात काकडी घालणाऱ्या माणसाच्या मनात नेमकं काय असावं, असा विचार करत तो तिच्याकडे तुच्छतेनं बघत होता. मंचावर मरिसा कोव्हालचुक बोलत होती. बारा वर्षांपूर्वी ती त्याची विद्यार्थिनी होती. त्याच्याकडे धर्माचं तत्त्वज्ञान शिकली आणि आता कंपन्यांमधल्या माणसांना श्वास कसा घ्यावा ते शिकवायची. बाहेर मार्चमधलं काळं पडलेलं बर्फ रस्त्याच्या कडेला साचलेलं, आणि ही बाई मंचावर अनवाणी उभी. "माझ्या सरांचे वडील," ती सांगत होती, "अगदी शेवटच्या घटका मोजत होते. आयुष्यभर चर्चमध्ये प्रवचनं केलेला माणूस. त्यांनी सरांचा हात हातात घेतला. खिडकीतून कलता उजेड त्यांच्या कपाळावर आला होता. ते म्हणाले, 'बाळा, माझ्यासाठी प्रार्थना कर.' आणि सर म्हणाले, 'बाबा, मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलणार नाही.'" इथे ती थांबली. नेमकी तिथेच, जिथे तीस वर्षं तो थांबत आला होता. "आता डोळे मिटा," ती हळूच म्हणाली, "आणि स्वतःला विचारा, ऑफिसातल्या कुठल्या मीटिंगमध्ये मी खोटी प्रार्थना म्हणतोय?" तीनशे माणसांनी डोळे मिटले, थोड्या वेळानं उघडले, आणि मग टाळ्या. शेजारच्या लठ्ठ गृहस्थानं तर गळ्यातलं ओळखपत्र बाजूला सारून डोळे पुसले.

राइनहोल्डला राग यायला हवा होता. तो आलाही, पण सवयीचा होता. सकाळी उठल्यापासून असा राग त्याला पाचपन्नास वेळा तरी यायचा आणि त्यावर त्याचं बरं चालायचं. खुपलं ते वेगळंच. खिडकीतला उजेड. त्या दवाखान्यातल्या खोलीची खिडकी बॉयलरघराच्या भिंतीवर उघडत होती. तिथून उजेड येणं शक्यच नव्हतं. मरिसानं पदरचं घातलं, असं म्हणून तो सुखानं तिचा तिरस्कार करू शकला असता. पण उजेड तिचा नव्हता, त्याचाच होता. त्याला वर्षसुद्धा आठवलं. शिकवायला लागून सातवं वर्ष असेल. पहिल्या बाकावर एक लाल केसांची मुलगी बसायची, तिच्या डोळ्यांत पाणी येतंय असं दिसलं आणि बोलता बोलता त्यानं खिडकीतून उजेड आत घेतला. पुढल्या वर्षीपासून तो उजेड कायमचा झाला. मग हात? वडिलांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि तो उजवीकडेच बसला होता. मग त्यांनी त्याचा हात हातात घेतला कसा? त्यानं आठवून पाहिलं, तर जे दिसलं ते आठवण नव्हती, व्याख्यान होतं. खोलीच्या जागी वर्ग दिसत होता.

कार्यक्रम संपल्यावर मरिसानं त्याला मिठी मारली. तिच्या केसांना कसल्याशा पाल्याचा वास येत होता. "सर, बघितलंत ना? लोक हादरतात हो. तुमची ही गोष्ट म्हणजे, काय सांगू, माझ्या सगळ्या कामाचा कणा आहे. अडीचला स्टुडिओत. तुमच्या आवाजात झाली की बास." तिच्या कंपनीच्या कुठल्याशा ॲपवर ही गोष्ट त्याच्या आवाजात यायची होती, लोक म्हणे ती कानाला लावून बसमध्ये ऐकणार होते. त्यानं हो का म्हटलं होतं? माणसं कशाकशाला भुलतात त्याचा जवळून अभ्यास करावा म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. प्रत्यक्षात निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. "येतो," तो म्हणाला, आणि साडेअकरालाच बाहेर पडून हेंडरसन हायवेची बस धरली. बहिणीकडे जाण्यासाठी.

बसमध्ये समोर एक तरुण बाई डोळे मिटून बसली होती. तिच्या मनगटावरच्या घड्याळानं धक्का दिला की ती दीर्घ श्वास घेत होती. याच शहरात तिची आजी लोकरी रुमाल डोक्याला बांधून चर्चमध्ये गुडघे टेकत असेल, आणि तिला अडाणी म्हणणारी ही नात घड्याळाच्या हुकमानं श्वास घेत होती. राइनहोल्डनं आयुष्यभर ह्या लोकांचा अभ्यास केला होता. चर्चमधून माणसं उठली ती मोकळी झाली नाहीत. फक्त दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली. त्याच्या दातांच्या डॉक्टरच्या टेबलावर जांभळा खडा असायचा. तत्त्वज्ञान विभागातला त्याचा सहकारी, देव नाही हे सिद्ध करण्यात ज्याचं निम्मं आयुष्य गेलं, तो आता रविवारी सकाळी नास्तिकांच्या सभेला जायचा, तिथे गाणी म्हणायचा आणि नंतर घरी केलेला केक खायचा. आणि जी चर्चं उरली होती त्यांत ढोल आणि गिटारी आल्या होत्या; पाद्री जीन्स घालून देवाबद्दल अशा सलगीनं बोलायचे, जणू काल संध्याकाळी दोघं हॉकी बघायला गेले होते. श्रद्धेलाही एक ताठा असावा लागतो. तो ताठा त्यानं एकाच माणसात पाहिला होता, आणि त्या माणसाला तो माफ करू शकला नव्हता.

कॉर्नेलियस थीसन. दक्षिणेकडे, अमेरिकेच्या हद्दीजवळच्या, मेनोनाइट पंथाच्या जर्मनभाषक ख्रिस्ती लोकांच्या गावात सूर्यफुलं आणि बीट पिकवणारा, आणि रविवारी चर्चमध्ये उभा राहून जर्मनमध्ये प्रवचन देणारा बिनपगारी प्रवचनकार. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मध्ये लाकडाचा वास. लहानपणी राइनहोल्ड त्या बाकावर बसून बापाच्या मानेवरची उन्हानं भाजलेली रेघ बघायचा. एकोणिसाव्या वर्षी विद्यापीठातून सुट्टीला आला तो डोकं पेटवून घेऊनच. तीन रात्री त्यानं वाक्यं जुळवली होती. देव का नाही, असला तर का नसावा, बायबलात कुठे काय विसंगत आहे, सगळं. शेतात ट्रॅक्टरपाशी बापाला गाठून तो म्हणाला, "बाबा, माझा विश्वास उरलेला नाही." बाप हातातला पाना पुसत होता. त्यानं मुलाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "बरं. त्या दुसऱ्या टाकीत डिझेल भर." बस, एवढंच. चिडणं नाही, रडणं नाही, साधा एक प्रश्न नाही. पुढची दहा वर्षं राइनहोल्ड सुट्टीला येई, जेवणाआधी सगळे डोळे मिटून हात जोडत तेव्हा उघड्या डोळ्यांनी ताठ बसून राही, आणि वाट बघे. कधीतरी हा माणूस भांडेल. कधीतरी म्हणेल की तू चुकतोयस. बाप प्रार्थना संपवी आणि बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवी.

म्हणून तर ती दवाखान्यातली दुपार एवढी मोठी झाली होती. आयुष्यात एकदाच बापानं त्याच्याकडे काही मागितलं होतं, आणि ते नाकारण्यासारखं होतं. पहिल्यांदा वर्गात ही हकिकत त्यानं सांगितली तेव्हा त्याचा आवाज खरोखर कापला होता. मुलं गप्प झाली. नंतर तो आवाज हवा तेव्हा कापू लागला. त्यावर त्याचं एक प्रकरण झालं, त्या प्रकरणाचं पुस्तक. बायका ह्या गोष्टीच्या प्रेमात पडायच्या. जिच्याशी पुढे लग्न केलं त्या लोरेनला ती दुसऱ्याच भेटीत ऐकवली होती, आणि तिनं टेबलावरून त्याचा हात धरला होता. सोळा वर्षांनी सामान बांधताना तीच लोरेन म्हणाली, "तुझ्या त्या बापाला एकदाचा मरू दे रे. प्रत्येक पार्टीत परत उठवून बसवतोस आणि परत नाही म्हणतोस." तेव्हा त्याला वाटलं होतं, हिला सचोटी म्हणजे काय ते कधी कळलंच नाही.

अगाथा त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, शहात्तरची. मेनोनाइट म्हाताऱ्यांसाठी चालवलेल्या वसतिगृहात गेली चार वर्षं राहत होती. तो पोचला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. "अगं बाई, राइनी! आज कसा काय? कुणी मेलंबिलं नाही ना?" असं म्हणत तिनं त्याला आपल्या टेबलाशी ओढलं आणि वाढणाऱ्या बाईला हाक मारली, "माझ्या भावाला पण बोर्श दे गं. साय जास्त घाल, वाळलाय नुसता." मग सगळ्यांनी माना खाली घातल्या. राइनहोल्ड ताठ बसून राहिला. उघडे डोळे हाच त्याचा धर्म होता आणि तो त्यानं एकदाही मोडला नव्हता. त्यानं खाली वाकलेल्या पांढऱ्या डोक्यांकडे बघितलं. कोपऱ्यातला एक म्हातारा प्रार्थनेतच झोपी गेला होता, आणि ते पाहून त्याला नेहमीसारखं जरा बरं वाटलं.

"अगाथा," त्यानं विचारलं, "बाबा गेले त्या दिवशी तू दवाखान्यात होतीस ना?"

"म्हणजे काय? तीन आठवडे मीच होते. तू शेवटच्या दिवशी उगवलास." ती पावाला लोणी लावत होती. "का रे?"

"त्यांनी माझ्याकडे प्रार्थना मागितली, तेव्हा तू खोलीत होतीस का?"

अगाथाचा सुरीचा हात थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पावाकडे. "राइनी, सदतीस वर्षांनी विचारतोयस."

"विचारतोय खरा."

"मी दारात होते. टॉवेल आणायला गेले होते, परत आले तर तुझं भाषण चालू होतं. मध्ये कसं बोलायचं म्हणून थांबले." तिनं सुरी खाली ठेवली. "अरे, ते प्रार्थना मागत नव्हते. ते 'बेट' म्हणत होते. पलंग! पलंग वर करा म्हणत होते. झटका आल्यापासून घरची बोली विसरलेच होते ते, चर्चमधलं जर्मन तेवढं राहिलं होतं, आणि जीभ ही एवढी जड. तू 'बेऽट' ऐकलंस."

एक स्वर लांबला की पलंगाची प्रार्थना होते. त्याला जर्मन येत होतं. त्यावर त्यानं टीपा लिहिल्या होत्या. समोर बोर्शच्या लाल बीटाच्या रसात साय हळूहळू पसरत होती. "तुला कसं कळलं?" त्यानं विचारलं, आवाजात अजून वर्गातला ताठरपणा होता, पुरावा मागणारा.

"कळायचं काय त्यात? दिवसातनं दहा वेळा म्हणायचे. छातीत कफ भरला होता, आडवं पडून श्वास घेता यायचा नाही त्यांना. तू बोलून झाल्यावर तरातरा खाली कॉफी प्यायला गेलास. मी आत आले, पायथ्याशी तो दांडा होता ना, तो फिरवला, डोक्याकडची बाजू वर केली. मग बरं वाटलं त्यांना. अर्ध्या तासानं गेले."

श्वास घेता येत नव्हता. पाच मिनिटं? सात? किती वेळ बोलला होता तो? आत्ता, पहिल्यांदा, त्याला काहीतरी खरं आठवलं: ओठांचा निळसर रंग. तो त्यानं पाहिला होता. पाहिला होता आणि भावना अनावर झाल्याची खूण मानली होती. एक माणूस हवा मागत होता आणि दुसरा त्याला बौद्धिक प्रामाणिकपणा समजावून सांगत होता. "माझ्याबद्दल काही... म्हणाले का?" तो म्हणाला आणि हा प्रश्न विचारल्याचा त्याला लगेच तिरस्कार वाटला.

अगाथा हसली. मनापासून, तोंडावर हात ठेवून हसली. "बोलता कुठे येत होतं? पण तू गेल्यावर दाराकडे बघून असे डोळे फिरवले त्यांनी. पाहुणा प्रवचनकार लांबला की फिरवायचे बघ, तसे. मलाही हसू आलं. बाप मरतोय आणि आम्ही दोघं हसतोय."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस. माझं पुस्तक आलं तेव्हाही नाही."

"वाचलं ना मी. आम्ही सगळ्यांनी वाचलं. गावातल्या पीटर लोवेनची बायको म्हणाली, सांगून टाक त्याला. मी म्हटलं, जाऊ दे गं, त्यात त्याला आधार मिळतोय तर मिळू दे. प्रत्येकाला काहीतरी धरून राहायला लागतं." तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात उबदार होता, लोण्यानं जरासा चिकट. "आम्ही मंगळवारी प्रार्थनेला बसतो ना, तेव्हा तुझं नाव घेतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

आधार! ज्या शब्दानं त्यानं आयुष्यभर ह्या लोकांची संभावना केली, तो शब्द त्यांनी किती वर्षं मायेनं त्याच्यासाठी वापरला होता. हे अडाणी, माना खाली घातलेले लोक त्याच्या श्रद्धेला जपत होते. तिला धक्का लागू नये म्हणून गप्प बसत होते. ह्यापुढे कसला अपमान? तिनं खीर खाऊन जा म्हटलं तरी तो उठला. दारापर्यंत आली तेव्हा तिनं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं. "आणि राइनी," ती म्हणाली, "तू वाईट वागला नाहीस हं. एवढंच की, ऐकलं नाहीस."

परतीच्या बसमध्ये त्याचा निश्चय झाला, आणि निश्चयानं त्याला जरा ऊब आली. गोष्ट मोडून टाकायची. अडीच वाजता त्या अनवाणी बाईच्या तोंडावर खरं काय ते फेकायचं: तुझ्या सगळ्या कामाचा कणा म्हणजे एका बहिऱ्या माणसाची बडबड आहे. तिचा चेहरा पडलेला त्याला दिसू लागला. उद्या तीनशे माणसांना ती काय सांगेल? आपली लाज निघेल ती निघेल. निदान तिचं दुकान तरी बसेल. लाजेतसुद्धा सूड शोधणारं हे मन त्यानं ओळखलं, त्यालाही तुच्छ मानलं, आणि तरी ऊब गेली नाही.

स्टुडिओ एका जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर होता. काचेपलीकडे दाढीवाला तंत्रज्ञ बसला होता. मरिसानं पायांत जाड मोजे घातले होते. त्यानं कोटही न काढता, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पलंग, स्वर, निळे ओठ, कॉफी, फिरवलेले डोळे. काही गाळलं नाही. बोलून झाल्यावर तो थांबला आणि तिच्याकडे बघू लागला. मरिसाचे डोळे भरून आले होते.

"सर," ती म्हणाली, "अहो, हे तर कितीतरी जास्त चांगलं आहे."

"काय?"

"म्हणजे आधीचं प्रामाणिकपणाबद्दल होतं. हे ऐकण्याबद्दल आहे! ऐकण्यावर माझ्याकडे काही नव्हतंच. लोकांना हेच हवंय सर, कुणी ऐकतच नाही कुणाचं." तिनं नाक पुसलं. "तुम्ही हे आज शोधून काढलंत? आज? माझ्यासाठी?"

"मरिसा, मी तुला सांगतोय की मी तीस वर्षं खोटं शिकवलं."

"हो ना! आणि ते मान्य करताय. किती धाडस लागतं त्याला." ती तंत्रज्ञाकडे वळली. "ब्रेंट, बदललंय सगळं. नवीन घेऊ या."

हसावं की निघून जावं हे त्याला कळेना. ह्यांच्या पोटात काहीही जात होतं. विष घाला, तेही गोड करून पचवतील आणि वर आभार मानतील. देव ह्यांनी असाच पचवला होता, सैतानही. जावं, असं ठरवून तो खुर्चीत बसला. दाढीवाल्यानं त्याच्यासमोर माइक ओढून दिला. पहिल्यांदा त्यानं मुद्दाम कोरडेपणानं सांगितलं, पोलिसात जबानी द्यावी तसं. सांगता सांगता त्याला जाणवलं की 'बेट' आणि 'बेऽट' ह्यांच्यामध्ये आपण किंचित थांबलो, आणि ती जागा चांगली होती.

"सुंदर," कानातल्या यंत्रातून मरिसाचा आवाज आला. "फक्त एकच सांगू का? शेवटी ऐकणारा लटकत राहतो हो. त्यांना श्वास घेता येत नाहीये, आणि मग? तुम्ही काय केलंत?"

"खाली जाऊन कॉफी प्यायलो. सांगितलं ना."

"हो, ते खरंच. पण माणूस बसमध्ये ऐकतोय सर. कामाला चाललाय. त्याला श्वास कोंडलेल्या माणसापाशी सोडून द्यायचं? खोटं नका सांगू. तुमच्या आत काय होतं तेवढंच सांगा. तुम्हाला काय करायला आवडलं असतं?"

ह्या असल्या प्रश्नांवर तो एके काळी वर्गात मुलांना सोलून काढायचा. आवडलं असतं म्हणजे काय? झालं ते झालं. तोंडाशी आलेलं एक जहरी वाक्य त्यानं तयारही केलं. काचेपलीकडे लाल दिवा लागला. त्यानं सुरुवात केली. गाव, सूर्यफुलं, बाप, डिझेलची टाकी. हे त्यानं आजवर कधीच कुणाला सांगितलं नव्हतं आणि ते आपोआप येत होतं. मग खोली. खिडकीसमोरची भिंत, बॉयलरची घरघर. वडील जड जिभेनं तो एक शब्द म्हणाले. "मी बोलायला लागलो," तो म्हणाला. "माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. बोलता बोलता मी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. ते निळे पडले होते." तो थांबला. इथून पुढे कॉफी होती, पायऱ्या होत्या, कागदी पेला होता. त्याचा आवाज खाली आला. "मग मला कळलं," तो म्हणाला. "मी उठलो. पलंगाच्या पायथ्याशी एक लोखंडी दांडा होता, गार. तो मी फिरवायला लागलो. हळूहळू ते वर आले. त्यांनी श्वास घेतला. मी फिरवत राहिलो."

आणि तो रडू लागला. आवाज मुद्दाम कापवला नव्हता. छातीतून काहीतरी उखडून येत होतं, नाकातून पाणी वाहत होतं, आणि रुमाल सापडत नव्हता. बाप गेला तेव्हा तो रडला नव्हता, पुरला तेव्हाही नाही. आता सदतीस वर्षांनी, एका खोट्या वाक्यापाशी, तो सहासष्ट वर्षांचा माणूस लहान मुलासारखा हुंदके देत होता. वाक्य खोटं होतं आणि रडणं खरं होतं. ह्यातलं कशाला हसायचं ते ठरवण्यासाठी त्यानं आतली तुच्छता चाचपून पाहिली. ती सापडेना.

लाल दिवा विझला. काचेपलीकडे दाढीवाल्यानं मान खाली घातली होती. मरिसा दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. जरा वेळानं तिचा आवाज त्याच्या कानात आला, अगदी हळू: "सर, हे खरं आहे?"

त्यानं कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"तुम्हाला हवं तर पहिलं घेऊ," ती म्हणाली. "दोन्ही आहेत. तुम्ही सांगाल ते."

त्यानं माइक बाजूला सारला.

"हेच ठेव," तो म्हणाला.